मुका स्पीकर आणि वीणेचा पहारा

देवाच्या दारी दाद मिळते यावर माझा विश्वास उरला नव्हता, हे आधीच नमूद करतो. न्यायालयात लिपिक म्हणून आयुष्य घालवलेल्या माणसाला प्रत्येक गोष्टीचे कारण लागते. कारण देणारा कोणी नसला की त्याचा संताप होतो. दिवाळीनंतर पत्नी अंगणात घसरली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. गावच्या सप्ताहातील काल्याचे कीर्तन तिने लग्नापासून कधी चुकवले नव्हते. यंदा ती खाटेवर पडून होती. "तुला घरात ऐकू येईल," असा शब्द मी दिला, आणि देवळाच्या कोपऱ्यावर एक स्पीकर आमच्या गल्लीकडे तोंड करून बसवून घेतला. कर्ण्यांच्या गोंगाटाविरुद्ध तहसीलपर्यंत अर्ज करणारा मीच, त्यामुळे गावाने पोटभर हसून घेतले.

काल्याच्या सकाळी नेमका तोच स्पीकर मुका झाला.

या नव्या स्पीकरांच्या पोटातच अॅम्प्लिफायर असतो. माइकचा आवाज एका तारेने मांडवातल्या स्पीकरला पोचतो आणि तिथून दुसऱ्या तारेने गल्लीकडच्या. साउंडवाला भागवत घामाघूम झाला होता. "बापू, लाइट हाय, करंट हाय, आवाजच न्हाई बघा." तार बदलली, ढिली केली, पुन्हा ताणली, शांतता. स्पीकरांची अदलाबदल केली, तर मुका होता तो मांडवात खणखणीत बोलू लागला आणि बोलणारा गल्लीकडे जाऊन मुका झाला. तार निर्दोष, दोन्ही स्पीकर निर्दोष. आरोपी एकही नाही आणि गुन्हा मात्र डोळ्यांदेखत घडतो आहे! माझी मती गुंग झाली.

"वकीलसाब, काहून थांबलात? आता आवाज न्हाई म्हनून अर्ज टाका की!" मांडवातून कोणीतरी लिपिकाची थट्टा करत ओरडले. मी तोंडाला येईल ते बोललो. कीर्तन सुरू झाले होते, पत्नी खिडकीकडे कान लावून असणार, आणि मी खांबापाशी ती तार मुठीत घट्ट ताणून उभा होतो.

सप्ताहाची वीणा खाली ठेवायची नसते. कोणाच्या तरी गळ्यात ती अखंड राहते. त्या वेळी पहाऱ्यावर एक अनोळखी मेंढपाळ उभा होता. दर्शनाला आला आणि हौसेने वीणा घेतली, एवढेच मला माहीत. तोच बाहेरून हाक आली, "मेंढरं हरभऱ्यात शिरली!" त्याने भोवती पाहिले. सर्वांत जवळ मीच होतो.

"धरा, बापू."

"मी माळकरी नाही. नियमाप्रमाणे मला..."

"अर्ज मागून करा. मेंढरं थांबायची न्हाईत."

वीणेला दोन्ही हात लागतात. मी मुठीतली तार सोडली.

आणि गल्लीकडून अभंग ऐकू आला. भागवत डोळे विस्फारून म्हणाला, "काय केलंत, बापू?" मी काहीच केले नव्हते. आवाज पुन्हा गेला असता तरी मला जागचे हलता आले नसते. काला होईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो. आवाज गेला नाही.

भागवत म्हणतो, ताणलेल्या तारेने पिन बाहेर ओढली जात होती, सुटल्यावर ती बसली. मग आधी ढिली केली तेव्हा का बसली नाही, असे मी विचारले. तो उरलेल्या तारा गुंडाळू लागला. मेंढपाळ परतला नाही. कोणाचा कोण, कोणालाच ठाऊक नाही. कळप धर्मापुरीच्या वाटेला लागला, एवढेच समजले.

घरी आलो तेव्हा पत्नीचे डोळे ओले होते. "लई गोड झालं," ती म्हणाली, आणि लगेच, "लाह्या कुठंयत काल्याच्या? रिकाम्या हातानं आलात व्हय?"

रिकाम्याच हातांनी आलो होतो. त्या हातांनी आयुष्यभर सगळे घट्ट धरले. ज्या घटकेला ते माझे राहिले नाहीत, त्याच घटकेला माझे मागणे पुरे झाले. हे मला अजून उलगडलेले नाही, पण ज्याने पुरे केले त्याचा मी ऋणी आहे. ती तार अजून देवळाच्या खांबावरून ढिली लोंबते. ती ओढून बांधावी, असा अर्ज मी केलेला नाही.