पुसलेली तीट

शेजारच्या काकूंनी परवा पुन्हा पोटली आणून दिली. खडेमीठ, मोहरी आणि लाल मिरच्या, जुन्या साडीच्या तुकड्यात गच्च बांधलेल्या. "रख लो बेटा. लहान लेकरू सोबत घेऊन जाऊन राहिले तुम्ही, कुठे काय लागेल सांगता येते का?" काकूंच्या घरच्यांना जबलपुरात येऊन किती पिढ्या झाल्या ते त्यांनाच नीट सांगता येत नाही. त्यांची मराठी अर्ध्या वाक्यात हिंदीकडे वळते आणि आठवण झाली की परत येते. मी पोटली घेतली, हो म्हटलं आणि फ्रिजवर ठेवली. तिथेच आहे. पुढच्या प्रवासाची बॅग अर्धी भरून पलंगावर पडली आहे, आणि मी कधी बॅगेकडे पाहते, कधी फ्रिजकडे.

मागच्या पोटलीने काय केलं ते काकूंना मी सांगितलं आहे. पण अर्धंच.

माझं माहेर भंडाऱ्याकडचं. शाळा सातवीपर्यंत झाली. आठवी नदीपलीकडच्या गावात होती, तेव्हाच आई आजारी पडली, घरात धाकटी दोघं होती, म्हणून राहिलं ते राहिलंच. लग्न होऊन इथे जबलपुरात, अधारताल भागात आले, तेव्हा हे शहरच मला परदेश वाटलं होतं. मेन रोडवरच्या दुकानांच्या पाट्या वाचत वाचत मी हिंदी शिकले. इंग्रजी पाटी आली की मान खाली घालून पुढे जायचं, अशी सवय.

मिस्टर तांदळाच्या मिलमध्ये मशीन बसवतात. तांदळातले काळे-पिवळे दाणे निवडून बाहेर फेकणारी मशीन. कंपनीने त्यांना थायलंड, कंबोडिया आणि व्हिएतनाम अशा तीन देशांत पाठवायचं ठरवलं. कुठे किती दिवस राहायचं ते मशीनवर होतं. सासूबाई गेल्यापासून घरात आम्ही तिघंच. मिस्टर म्हणाले, "खोली तर कंपनी देऊनच राहिली. तुम्ही दोघी पण चला." आधी आनंद झाला की भीती वाटली, आता आठवत नाही. पण सातवी शिकलेल्या बाईला विमानात बसवायचं कोणाच्या मनात येतं? त्यांच्या मनात आलं. त्याचे उपकार मी अजून मानते. तिकडे ज्या ज्या दिवशी रडू आलं, त्या त्या दिवशीही मानत होते.

हावड्यापर्यंत ट्रेन, पुढे विमान. पासपोर्ट माझ्या पर्समध्ये होते आणि माझा हात सारखा पर्समध्ये जायचा. मिस्टर म्हणायचे, "ते काही पळून नाही जाऊन राहिले." त्यांना काय सांगू, कागद हरवला तर तो कोणता हरवला हेही मला वाचता येणार नाही. मुलगी चार वर्षांची. तिला सगळं मजेचं. ती मराठी समजते, बोलते मात्र हिंदी. "मम्मी, बादल नीचे क्यों है?" असं विचारून तिने पुढच्या सीटवरच्या माणसालाही हसवलं होतं.

माणसं हसायची तिच्याकडे पाहून, तेच मला खुपायला लागलं. आमच्याकडेही लेकरांचे गाल ओढतात, पण ओढणारा ओळखीचा असतो, आणि "किती गोड" म्हणून झालं की थू-थू करतो. तिकडे जो तो थांबायचा. दुकानातली बाई काउंटरमागून बाहेर यायची. पोरीपोरी मोबाइल काढून तिच्यासोबत फोटो घ्यायच्या. कोणी केसांवरून हात फिरवला, कोणी खायला काही पुढे केलं. सगळ्यांच्या डोळ्यांत माया होती, हे मला दिसत होतं. तरी माझं मन म्हणायचं, एवढ्या डोळ्यांना एक लेकरू कुठवर पुरेल? रोज सकाळी मी तिच्या गालावर काजळाची तीट लावायची, घरी लावत असे त्यापेक्षा मोठी. आणि खायला दिलेलं हसून परत करायची. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. सासूबाई शेवटपर्यंत मला एवढंच सांगत राहिल्या होत्या, "पोरीच्या तोंडात काय जाते ते पाहत जाजो." म्हणून बॅगेत छोटा कुकर, तूर डाळ, तांदूळ, पोहे असा अर्धा संसार मी वाहत होते.

थायलंडातलं मशीन बसलं. मग बसने कंबोडियाच्या हद्दीपर्यंत निघालो. मिस्टर मागच्या सीटवर झोपले होते. माझ्या बाजूला पांढरी टोपी घातलेली एक वयस्क बाई होती. ती मुलीकडे पाहून हसली, मुलगी तिच्याकडे पाहून हसली. बाईने पिशवीतून ओला कागदी रुमाल काढला, मुलीची हनुवटी धरली, आणि मी काही म्हणायच्या आत गालावरची तीट पुसून टाकली. नीट, हळुवार, कोपऱ्यापर्यंत. मग काळा झालेला रुमाल मला दाखवला: बघा, निघाली घाण.

मी काय करणार? हसले. थँक्यूसुद्धा म्हटलं.

काजळाची डबी खाली सामानाच्या कप्प्यात होती. बस थांबली की लावू, असं ठरवलं. पण बस थांबली ती हद्दीवरच. तिथून उन्हात पायी चालायचं. बॅग ओढायची, लेकरू कडेवर, रांगा, शिक्के. खिडकीतल्या साहेबाने मुलीला गोड गोळी दिली, तिचा गाल ओढला. तोच, तीट पुसलेला. त्या संध्याकाळी तिला ताप भरला.

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी औषध दिलं, दोन रात्रींत ताप उतरला. मोबाइलमध्ये बोलून, हिंदीत उलटवून त्यांनी सांगितलं की पोट ठीक आहे, पाणी पाजत राहा, हळूहळू खाईल. पाणी ती पीत होती. खात मात्र नव्हती. वरणभाताचा घास तोंडाजवळ नेला की मान फिरवायची. घरचा तांदूळ तोवर संपला होता, आणि तिकडचा शिजला की खोलीभर वास सुटायचा. मिस्टर म्हणायचे, काय सुगंध आहे. ती म्हणायची, "इसमें साबुन की बास आती है." बाप दिवसभर तांदळाच्या डोंगरात उभा राहून यायचा आणि लेक भाताचं एक शीत गिळत नव्हती. दोन-चार बिस्किटं, अर्धं केळं. "मम्मी, घर चलो ना."

तशातच आम्ही व्हिएतनामला पोचलो. पुन्हा बस, पुन्हा शिक्के, पुन्हा नवी खोली. नदीकाठच्या एका गावात चार मजली इमारत होती, सगळ्या भाड्याच्या खोल्या. तळमजल्यावर मालकीणबाईंचं स्वतःचं घर. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. कोपऱ्यात इंडक्शनची शेगडी, वर भिंतीत छोटा पंखा. मिस्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "स्वयंपाक करताना तो पंखा चालू ठेवत जा. फोडणीचा ठसका या लोकांना सहन नाही होत. खोली गेली तर साहेबाला काय तोंड दाखवू?"

एके दिवशी मुलीला आंघोळ घालताना तिचा करदोडा माझ्या हातात आला. काळा दोरा, सासूबाईंनी बांधलेला, कमरेला नीट बसणारा. तो सरकून थेट मांडीपर्यंत घसरला. मी गाठ मारून पुन्हा वर केला. पाण्याचा नळ चालू ठेवून रडले, म्हणजे तिला ऐकू जाऊ नये.

रात्री मिस्टर म्हणाले, "रविवारपर्यंत पाहू. नाही खाल्लं तर तुम्हा दोघींना परत पाठवतो. मला काम सोडून येता नाही येणार."

"एकटी? दोन विमानं बदलून?"

"मग काय करू, तूच सांग."

 ते रागावून बोलत नव्हते, त्यांचंही जेवण कमी झालं होतं. मी छताकडे पाहत पडले. विमानतळावरच्या त्या सगळ्या पाट्या डोळ्यांपुढे येत होत्या, आणि त्यांच्याखाली लेकरू कडेवर घेऊन उभी मी.

दुसऱ्या दिवशी काकूंना व्हिडिओ कॉल लावला. तीट पुसल्याची गोष्ट ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "हाय राम! पुसू काहून दिली तू? अन् मी दिलेली पोटली काय अचार घालायला नेली?"

"डॉक्टरचं औषध झालं, काकू."

"औषध तापाला. नजरेला औषध असते का? आज तिन्हीसांजेला काढ. अन् सुन, मिरची जाळल्यावर ठसका आला तर ठीक. नाही आला, तर समजून घे, जबरदस्त लागली."

खरं सांगायचं तर माझा त्यावर किती विश्वास होता, मलाच माहीत नव्हतं. पण हाताला काम हवं होतं.

दिवेलागणीला मुलीला पूर्वेकडे तोंड करून बसवलं. पूर्व कुठे, तेही अंदाजाने. मुठीत मीठ-मोहरी-मिरच्या घेऊन डोक्यापासून पायापर्यंत उतरवलं. आईच्या तोंडचं आठवत होतं ते म्हटलं, आल्यागेल्याची, घरच्या-दारची; आणि पुढचं आपोआप तोंडात आलं: विमानातल्याची, बसमधल्याची, खिडकीतल्या साहेबाची, टोपीवाल्या आजीची. मुलगी म्हणाली, "वो दादी अच्छी थी." मी म्हटलं, "हो गं. अच्छीच होती."

शेगडीवर तवा तापला होता. मूठभर सगळं त्यावर टाकलं. मोहरी तडतडली. मिरच्या काळ्या पडल्या, धूर वर गेला. मी वाट पाहिली. नाकाला काही नाही. घशाला काही नाही. वाकून वास घेतला. काहीच नाही.  काकू म्हणाल्या होत्या तशीच, जबरदस्त. मी पोटली सोडली आणि उरलेलं सगळं तव्यावर उपडं केलं.

भिंतीतला पंखा फिरत होता. सवयीने मीच चालू केलेला. तो सगळा धूर ओढत होता आणि जिन्यात सोडत होता.

आधी जिन्यातून एक खोकला ऐकू आला. मग दोन. मग खालून वरून दारं उघडल्याचे आवाज, धावणारी पावलं आणि अख्ख्या इमारतीत आगीची घंटा. मी शेगडी बंद केली, मुलीला उचललं आणि पळाले. दुसऱ्या मजल्यावर माझ्याही घशात तो ठसका शिरला, आणि त्या गडबडीतही मनात आलं, आला!

रस्त्यावर सगळी इमारत उभी होती. टॉवेल गुंडाळलेला एक माणूस, कुत्रं काखेत घेतलेली मुलगी, साबणाचे हात तसेच घेऊन आलेली बाई. सगळे खोकत, शिंकत, डोळे पुसत. मी खाली पाहिलं तर माझ्या हातात तवा. पर्स वर राहिली होती, पासपोर्ट वर राहिले होते, आणि मी फडक्यात धरून तवा घेऊन आले होते, काळ्या मिरच्यांसकट. एकेकाची नजर तव्यावर आली. कोणाला काही विचारायची गरज उरली नाही.

मालकीणबाई पुढे आल्या. मला वाटलं, झालं, खोली गेली. त्या तव्यावर वाकल्या, शिंकल्या, माझ्याकडे पाहून काहीतरी मोठ्याने बोलल्या. मी हात जोडले. मग मुलीकडे बोट केलं, हात तिच्या डोक्यावरून पायापर्यंत फिरवला, तव्याकडे दाखवलं, तिच्या तोंडाशी रिकामा घास नेला आणि मान हलवली. त्यांना किती कळलं, देव जाणे. तेवढ्यात टॉवेलवाल्याला एवढ्या जोरात शिंक आली की टॉवेल सुटता सुटता राहिला, आणि माझी मुलगी खळखळून हसली. किती दिवसांनी! "मम्मी, अंकल का टॉवेल!"

मालकीणबाई घरात गेल्या आणि वाडगा घेऊन आल्या. बहुतेक त्यांचंच जेवण, घंटेमुळे अर्धवट राहिलेलं. आमच्या गावाकडे आजारी माणसाला देतात त्या पेजेसारखं दिसत होतं, पांढरं, पातळ, वरून कांद्याची पात. त्यांनी पायरीवर बसून मुलीला जवळ घेतलं, चमच्यावर फुंकर मारली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी वाडग्यात पाहिलं. पातीखाली काय होतं ते दिसत नव्हतं. मासळी असेल, कोंबडीचं पाणी असेल. विचारायला भाषा नव्हती. पण हातांचे पंख हलवून, हात मासळीसारखा वळवून, कसंही विचारता आलं असतं. सासूबाईंचा आवाज कानात होता. आणि मुलगी, जी माझ्या हातच्या घासाला मान फिरवत होती, तिने मान फिरवली नव्हती.

मी मान डोलावली. हो.

एक चमचा गेला. ती गिळताना मी तिचा गळा पाहत राहिले. दुसरा गेला. तिसऱ्याला तिने स्वतःच तोंड उघडलं.

रिक्षातून मिस्टर उतरले, अंगभर कोंड्याची भुकटी. रस्त्यावरची गर्दी पाहून धावतच आले. आधी मुलीला पाहिलं, मग तवा पाहिला, मग मला. "हे काय करून राहिली तू? आगीचा बंब बोलावते का आता?"

"हळू बोला," मी म्हटलं. "खाऊन राहिली ती."

ते वाकले. वाडग्याकडे पाहून हळूच म्हणाले, "काय आहे त्यात?"

"माहीत नाही."

"विचारलं नाही?"

"नाही."

 त्यांनी माझ्या हातातला तवा घेतला, नळावर नेऊन धुतला, आणि येऊन मालकीणबाईंच्या पायरीखाली जमिनीवर बसले. मुलीने त्यांच्याकडे पाहिलं, तोंड भरलेलंच होतं, आणि पुढच्या चमच्यासाठी पुन्हा वळली.