शनिवारच्या बाकावरची मोठी माणसं

दवाखान्यात दोन गोष्टी आपोआप साठतात. लोकांनी विसरलेल्या रिकाम्या बाटल्या आणि किस्से! बाटल्या मी दिवाळीच्या साफसफाईत काढून टाकायचो. किस्से कुठे टाकणार? मग तुमच्यासारखी मंडळी ओट्यावर टेकली, की झालं सुरू.

मी कल्याणच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. डोंबिवलीला अजून स्टेशनसुद्धा नव्हतं, तेव्हाची गोष्ट. आमचे वामनराव डॉक्टर म्हणजे अजब माणूस! त्या काळी पोर रात्रीचं किंचाळायला लागलं, गप्प गप्प झालं, नाहीतर हातपाय ताठ करून पडायला लागलं, की घरच्यांना तीनच वाटा माहीत. भगताकडे न्या, तापल्या सळईचा डाग द्या, नाहीतर मागच्या खोलीत कोंडा. वामनराव म्हणाले, "आपण चौथी वाट काढू. शनिवारी दुपारी दवाखाना फक्त अशा पोरांचा."

आणि एक रूल केला. पोर एकटं आत डॉक्टरांपाशी, मोठी माणसं बाहेर बाकावर! दार उघडं असायचं, दिसायचं सगळं, पण ऐकू काही यायचं नाही.

लोक भडकले. "आम्ही जन्म दिला आणि आम्हीच बाहेर?" बोंब ठाण्याच्या सिव्हिल सर्जनसाहेबापर्यंत गेली. त्याचा निरोप आला, की पावसाळा संपला की मी स्वतः येऊन बघतो. पोरांशी गप्पा मारून कोणी सुधारलेलं दिसलं नाही, तर शनिवार बंद.

शनिवार बंद झाला असता, तर सगळ्यात जास्त नुकसान सखूचं होतं. शीळेकडच्या एका गावातली आठ-नऊ वर्षांची पोर. आई पटकीनं गेली, त्या दिवसापासून हिनं तोंड उघडलं नव्हतं. आजी तिला दर शनिवारी चालत घेऊन यायची. चुलत्यांनी ठरवून टाकलं होतं, की दवाखान्याचा गुण नाही आला तर पोरीला डाग द्यायचा. आजी मला दर खेपेला विचारायची, "कंपौंडरदादा, बोलंल ना रं माजी पोर?"

"बोलेल म्हणजे? तुझं डोकं खाईल!" मी ठणकावून सांगायचो. आतून माझीच धाकधूक व्हायची.

* * *

पहिल्याच शनिवारी बाजारपेठेतले एक तांदळाचे व्यापारी मुलाला घेऊन आले. मुलगा झोपेत ओरडत उठायचा. तेव्हा दवाखान्यात येताना औषधासाठी बाटली घरून आणायची पद्धत. शेटजींनी चांगली मोठी बाटली आणलेली. वामनराव मुलाशी तासभर बोलले, बाहेर आले आणि म्हणाले, "आजोबा गेले त्या खोलीत ह्याला एकटा झोपवू नका. आजीजवळ झोपू दे. झालं."

"झालं? आणि बाटली?"

"बाटलीचं काम नाही."

शेटजी जागचे हलेनात. "तासभर बसवून रिकामी बाटली घेऊन घरी जाऊ? लोक काय म्हणतील!" माझं डोकं फिरलं. बाटली हिसकावली, बडीशेपेचा अर्क घातला, वर पाणी भरलं आणि हातात दिली.

पुढल्या शनिवारी शेटजी पेढे घेऊन हजर! "रामबाण मिक्श्चर हो! पोरगा रात्रभर गाढ झोपतो. मलाही झोप लागली. हिची डोकेदुखी गेली. मेहुण्याची ढेकर थांबली!"

मी विचारलं, "मुलाला दिवसातून किती वेळा दिलंत?"

"मुलाला? त्याच्या वाट्याला उरलंच कुठे!"

* * *

एका शाळेचे मास्तर विद्यार्थ्याला बखोटीला धरून घेऊन आले. "ढोंगी आहे! पाढे पाठ, पण मी समोर उभा राहिलो की थरथर कापतो." मास्तरांच्या दुसऱ्या हातात छडी. दवाखान्यात छडी घेऊन आलेला हा पहिलाच नातेवाईक!

वामनरावांनी मुलाशी बोलून घेतलं आणि मास्तरांना गंभीरपणे म्हणाले, "मुलगा ठणठणीत आहे. छडीचं मात्र अवघड दिसतंय. तिला इथे ठेवून जा, बघू या."

आता सरकारी डॉक्टरांना नाही कसं म्हणणार? मास्तरांनी छडी टेबलावर ठेवली. आठवड्यानं माझ्या खिडकीशी येऊन हळूच म्हणाले, "कंपाउंडर, छडी कशी आहे?"

"अशक्तपणा फार आहे, मास्तर. हलवता येणार नाही."

ती छडी मी दवाखाना सोडेपर्यंत औषधांच्या कपाटावर होती. मुलगा मात्र पुढे मास्तरांसमोर उभा राहून तिसापर्यंतचे पाढे म्हणाला. मास्तरांनी स्वतः येऊन सांगितलं, आणि सांगताना छातीही फुगवली.

* * *

मानपाड्याच्या बाजूला एक भगत होता. मोठं प्रस्थ! आमच्या नावानं बोटं मोडायचा. एका शनिवारी बघतो, तर हे महाशय दवाखान्याच्या मागल्या दारात उभे, कडेवर स्वतःचं पोर!

मी म्हटलं, "काय रे? गावच्या पोरांची भुतं उतरवतोस आणि घरच्याला इकडे आणलंस?"

मान खाली घालून म्हणाला, "परक्याच्या पोराला निंबाच्या फांदीनं मारताना काय वाटत नाय, दादा. ह्याच्यावर हात उचलला नि माजाच हात कापाया लागला."

मी आणखी चार शब्द ऐकवणार होतो. पण वामनराव पुढे झाले, पोराला घेतलं आणि भगताला म्हणाले, "पुढच्या दारानं ये. बाकावर बस सगळ्यांसारखा."

बसला बिचारा! त्यानंतर काय झालं ठाऊक आहे? त्याच्याकडे कोणी पोर आणलं, की तो अंगारा लावायचा, नारळ ठेवून घ्यायचा आणि घुमत घुमत सांगायचा, "देवाचा कौल हाय! शनवारी कल्यानच्या दवाखान्यात जा!" आमचा शनिवार जो फुलला, तो ह्या देवाच्या कृपेनं.

* * *

एक सासूबाई आपल्या लहानग्या सुनेला घेऊन आल्या. पोर सासरी फिट येऊन पडायची, माहेरी ठणठणीत. सासूबाईंचं म्हणणं, "नाटकं आहेत सगळी!"

वामनरावांनी हवापालट सांगितला. "चार महिने माहेरी ठेवा. ही हवा तिला अजून झेपत नाही."

आता आपल्या अंगावर वस्सकन येणार, म्हणून मी तयारीतच होतो. पण बाईंनी सुनेच्या डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, माझं माहेर कळव्याला. डोंगरापलीकडे. आई गेली तेव्हासुद्धा मला धाडलं नाही हो." आणि बाकावर बसून ढसाढसा रडल्या. मी त्यांना बडीशेपेचं पाणी दिलं, दुसरं काय देणार?

* * *

आणि मग साहेब आला! पावसाळा संपता संपता, नेमका शनिवारीच. उंच, लालबुंद, हातात टोपी. त्याला बघून बाकीची मंडळी उठून पांगली, बाकावर सखूची आजी एकटीच बसलेली. आत वामनराव एका पोराचं ऐकत होते. आणि सखू? ती उंबऱ्यात बसून चिंचोके खेळत होती. तिचा हा ठिय्या अलीकडचा. आत कोणी पोर असलं आणि त्याचे आईबाप डोकवायला आले, की ही हात आडवा धरायची. न बोलता.

साहेबानं मला मराठीत विचारलं, "ह्या मुलीला काय आजार?"

"बोलत नाही, साहेब."

"इथे किती महिने येते?"

"पावसाळ्याच्या आधीपासून."

"आणि आता बोलते?"

खोटं बोलवेना. "अजून नाही, साहेब."

"मग झालं," साहेब म्हणाला. "हे बंद करू." आजीला सगळं कळलं. तिनं पदर तोंडात कोंबला. साहेब वामनरावांना सांगायला तडक दाराकडे निघाला. उंबऱ्यापाशी पोचला, तशी सखू उठली. हात आडवा धरला. साहेबानं तिला बाजूला सारायला हात पुढे केला.

"मोठी मानसं भायेर!"

आधी मला कळेचना, की कोण ओरडलं. मग बघतो, तर सखू! मान वर करून साहेबाच्या डोळ्यांत बघत होती. आत वामनराव खुर्चीतून अर्धवट उठलेले, तसेच थांबले.

साहेबानं माझ्याकडे वळून विचारलं, "ही काय म्हणाली?"

"रूल सांगितला, साहेब. पोर आत असताना मोठ्या माणसांनी बाहेर बसायचं."

साहेब मुकाट्यानं मागे फिरला आणि बाकावर येऊन बसला, टोपी गुडघ्यावर ठेवून. आजी रडत होती. तिनं डोळे पुसले, सरकून त्याला जागा करून दिली, आणि त्याच्या गुडघ्यावर थोपटत म्हणाली,

"बस रं बाबा. तुजा कंचा पोर आतमधी?"