दोन टोल म्हणजे चालू

नंदुरबारच्या एका कापसाच्या जिनात मी इंजिनावर होतो. सरकी काढायची यंत्रं भिंतीपलीकडे, मी अलीकडे. तिकडचं काही दिसायचं नाही. दाराशी टांगलेल्या पितळी घंटीचा एक टोल पडला की बंद, दोन पडले की चालू. टोल ऐकायचे आणि दांडा ओढून पट्टा चढवायचा, एवढीच माझी अक्कल. त्या अकलेचा मला भारी माज होता.

दसऱ्याला इंजिनाची पूजा झाली. उत्साहाच्या भरात मी घंटीलाही हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली.

दुसऱ्या दिवशी मला कामाला लावणारे मिस्तरी भिंतीपलीकडे यंत्राच्या फिरत्या रुळात अडकलेला कापूस काढत होते. मी दांड्यापाशी बसलो होतो. दोन टोल पडले. मी दांडा ओढला.

पलीकडून जी किंकाळी आली, ती आजही कानात आहे. दांडा मागे लोटून मी धावलो. भिंतीला वळसा घालून दारापर्यंत जाताना मी देवाला एकच गोष्ट मागत होतो. त्यांचा हात राहू दे.

हात राहिला होता. सदऱ्याची बाही कोपरापर्यंत रुळाने गिळली होती आणि मिस्तरी पांढरेफटक उभे होते. दारात त्याच दिवशी कामाला आलेली एक म्हातारी हात जोडून उभी होती.

"मी देवनी घंटी समजीसन वाजाडी," ती म्हणाली.

तिचं काय चुकलं? कुंकू मीच लावलं होतं. मिस्तरींना मी तसं सांगितलं, रडत सांगितलं. ते रुळातून फाटकी बाही सोडवत राहिले.

तिसऱ्या दिवशी रूळ पुन्हा अडकला. मिस्तरी माझ्यापाशी आले.

"आज तू हात घाल. इंजिनजोडे मी बसस."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. रुळात हात घातला तेव्हा यंत्रांवरच्या बायका कुजबुजल्या, कोणाची तरी बांगडी वाजली, आणि प्रत्येक आवाजाला मी घंटीकडे पाहिलं. मिस्तरी भिंतीपलीकडे, दांड्यापाशी. माझा हात त्यांना दिसत नव्हता.

कापूस कधीच निघाला होता. मला मात्र हात बाहेर काढायचं सुचेना. शेवटी मिस्तरींनीच येऊन माझं मनगट धरलं आणि हळूच बाहेर काढलं.