लुव्हिनियाच्या भिंतीवरची तार

आमच्या मिसिसिपीतल्या गावचा ब्लूज संगीताचा मेळा एकतीस वर्षांपूर्वी लुव्हिनिया स्टोक्सच्या ओसरीवर सुरू झाला. तिच्या नवऱ्यानं, क्लिओथानं, झाडू बांधायची तार घराच्या लाकडी भिंतीवर दोन खिळ्यांमध्ये ताणली होती. तिच्यावर बाटली फिरवत तो ती छेडायचा, तेव्हा सगळं घर घुमायचं. तो गेल्यावर दरवर्षी पहिला सूर लुव्हिनियाच लावायची.

यंदा मेळ्याच्या समितीनं भिंतीतली ती फळीच तारेसकट काढून मोठ्या मंचावर नेली. "मावशी, आता हजारो लोक ऐकतील क्लिओथाकाकांना," असं म्हणाले, म्हणून ती हो म्हणाली.

मंचावर तिनं तार छेडली. रिकामा डबा खरवडावा तसा किरटा आवाज आला. पुढच्या रांगेतले हसले.

"तार जुनी झालीय, मावशी. बदलून टाकू," अध्यक्ष तिच्या कानाशी म्हणाला.

"तार चांगली आहे रे. घर मागे राहिलं. फळी परत द्या माझी."

"आता कशी देणार? तिच्यावर समितीची पाटी ठोकलीय. आणि फोटो बघा, किती छान आलेत!"

फळी आता समितीच्या कार्यालयात काचेमागे आहे. लुव्हिनियानं भिंतीतल्या भगदाडावर पत्रा ठोकलाय. वारा सुटला की तो नुसता खडखडतो.