क्लच मास्तर बोटीत

क्लच मास्तरांनी बत्तीस वर्षं लोकांना गाडी शिकवली. शिकवताना ते "क्लच, क्लच, अहो क्लच" असं इतक्या वेळा म्हणत, की त्यांचं खरं नाव पोस्टमन सोडून कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. शिकवायच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक बसवलेला होता. तो दाबून दाबून उजव्या पायाला अशी खोड लागली होती, की केस कापायला खुर्चीत बसले आणि कात्री कानाजवळ आली तरी पाय खाली जाई.

जिभेचंही तेच. शेजारच्याला सूचना दिल्यावाचून त्यांना राहवत नसे, आणि दोनदा सांगून कळलं नाही की आवाज चढे. तसा माणूस मनाने चांगला. फक्त त्यांच्याकडे शिकून एकदाही रडला नाही असा विद्यार्थी सापडणं अवघड होतं.

नदी गावात शिरली ती एका मंगळवारी, सकाळच्या पहिल्या शिकवणीच्या वेळी. मास्तर आणि त्यांची बायको हाताला लागलं ते घेऊन वरच्या मजल्यावर चढले. संध्याकाळपर्यंत गल्लीत छातीइतकं पाणी झालं. दारातल्या गाडीचं नुसतं टप दिसत होतं. त्यावरची "शिकाऊ चालक" ही पाटी तेवढी कोरडी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लष्कराची रबरी बोट आली. मागे इंजिनाचा दांडा धरून एक हवालदार, पुढे वल्ही घेतलेले दोन जवान. जवानांनी मास्तरीणबाईंना जिन्यावरून अलगद उतरवून घेतलं. मास्तर मात्र पायरीवर उभे राहून आधी उजवीकडे बघू लागले, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे.

"काय बघताय, काका?" हवालदाराने विचारलं.

"काही येतंय का."

"काही येत नाहीये. बसा."

मास्तर हवालदाराच्या अगदी शेजारी बसले. बोट सुटली आणि शंभर पावलांवर त्यांनी तोंड उघडलं. "पुढे स्पीडब्रेकर आहे."

"काका, तो पाण्याखाली आहे."

"असू दे. वेग कमी करायची सवय असावी माणसाला."

हवालदार परगावचा, दोन रात्री न झोपलेला. मग मास्तरांनी त्याला वळणाआधी हॉर्न द्यायला सांगितलं, मागे बघायला सांगितलं, आणि कोपऱ्यावर पाय असा दाबला की तो हवालदाराच्या बुटावर पडला.

"काका, शांत बसता का जरा?"

"बसतो. पण पुढे डिव्हायडर आहे."

हवालदाराला वाटलं, हाही स्पीडब्रेकरच्या जातीचा. त्याने बोट तशीच दामटली. खालून खड्खड् आवाज आला आणि इंजिन गप्प झालं. डिव्हायडर चांगला कमरेइतका उंच होता. इंजिनाच्या पंख्याचं एक पातं वाकून बसलं होतं.

कुणीच काही बोललं नाही. मास्तरसुद्धा. मास्तरीणबाई नवऱ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "आता सांगितलंत तरी चालेल."

उंचावरच्या शाळेत लोकांची सोय केली होती. तिथवर बोट वल्हवत न्यावी लागली. हवालदाराने तुकडीच्या प्रमुखांना, सुभेदारांना, झालेला प्रकार सांगितला, पंखा बदलला, आणि सुभेदार मास्तरांपाशी आले.

"गावात अशा किती अडचणी आहेत पाण्याखाली?"

मास्तरांनी डोळे मिटले आणि घडाघडा सुरू झाले. बाजाराच्या तोंडाशी लोखंडी खांब, तीन. डावीकडून दुसऱ्याच्या बाजूने जागा आहे. दवाखान्यासमोर उघडी गटार. पाण्याच्या टाकीमागे कुंपण, त्यावर काटेरी तार. बत्तीस वर्षांत शिकाऊ लोकांनी ज्याला ज्याला गाडी ठोकली होती, ते सगळं त्यांना पाठ होतं.

"मास्तर, बोटीवर याल का?" सुभेदारांनी विचारलं. मग मास्तरीणबाईंकडे वळून म्हणाले, "तुमची हरकत नसेल तर."

"न्या की," त्या म्हणाल्या. "तेवढाच मला आराम."

मास्तरांना नारिंगी जॅकेट मिळालं. त्याचे पट्टे त्यांनी तीनदा तपासले, जवानांचेही तपासले. त्या दिवशी बोट कुठेही घासली नाही. गच्चीवरून, गॅलरीतून, एकदा तर ट्रकच्या टपावरून त्यांनी माणसं उतरवली. बहुतेक सगळे मास्तरांचे जुने विद्यार्थी. कुडकुडत बोटीत यायचे आणि मास्तरांना बघून ताठ बसायचे.

अडलं ते औषधाच्या दुकानापाशी. दुकानाच्या वर मालकीणबाई राहायच्या. त्यांच्या सासूबाईंचा पाय प्लास्टरमध्ये होता. गॅलरीतून मालकीणबाईंनी बोट पाहिली, मास्तरांना पाहिलं आणि हात जोडले.

"मी दुसऱ्या बोटीने येईन."

"दुसरी बोट नाही, ताई," हवालदार म्हणाला.

"मग मी इथेच बरी. या गृहस्थांनी मला भर चौकात रडवलंय. बस थांबली होती माझं रडणं बघायला. त्या दिवसापासून मी स्टिअरिंगला हात लावला नाही."

मास्तरांना तो दिवस आठवला. बाई तेव्हा विशीतल्या होत्या. बसही आठवली. त्यांनी जॅकेटचा पट्टा उगाच ओढला, आणि तेवढ्या सगळ्यांसमोर म्हणाले, "चुकलं माझं. क्लच तुम्ही बरोबर दाबला होतात. गाडीतच बिघाड होता. मला नंतर कळलं."

"नंतर म्हणजे कधी?"

"त्याच दिवशी संध्याकाळी."

"आणि अठरा वर्षं सांगितलं नाहीत?"

"धीर झाला नाही."

बाईंनी पदर खोचला. "येते. पण बोटीत तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

मास्तरांनी मान डोलावली. जवानांनी सासूबाईंना खुर्चीसकट खाली घेतलं. बोट निघाली आणि मास्तरांच्या तोंडाला कुलूप. आता वाट दाखवायची कशी? त्यांनी हाताच्या खुणा सुरू केल्या. हात आडवा ताणला, म्हणजे उजवीकडे. तळवा खाली करून वरखाली हलवला, म्हणजे हळू. हवालदाराला वाटलं, मास्तर कुणाला तरी टाटा करतायत. त्याने त्या दिशेला पाहून हसून हात हलवला.

समोर पाण्याखालचं काटेरी तारेचं कुंपण येत होतं. मास्तरांनी ओठ घट्ट मिटून उजवा पाय दाणकन दाबला. तो हवालदाराच्या बुटावर बसला आणि त्याने कळवळून इंजिन बंद केलं. तारेपासून हातभर अंतरावर बोट थांबली.

खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, बोलू दे गं त्यांना. एक पाय मोडलाय तेवढा पुरे."

"बोला," बाई म्हणाल्या. "पण ओरडायचं नाही."

मास्तर खरोखरच ओरडले नाहीत. शाळेपर्यंत "जरा डावीकडे घेतलंत तर बरं होईल" असं इतक्या नाजूकपणे बोलत होते, की एका जवानाने त्यांना बरं वाटत नाही का म्हणून विचारलं.

तिसऱ्या दिवशी काम हलकं झालं. शाळेखालच्या मैदानात अजून पाणी होतं, अडथळा काही नव्हता. मास्तरांनी मोठ्या हौसेने दांडा हातात मागितला. हवालदाराने दिला.

"उजवीकडे वळायचं तर दांडा डावीकडे, काका."

मास्तरांनी दांडा उजवीकडे केला. बोट डावीकडे गेली. घाबरून त्यांनी तो आणखी उजवीकडे केला. बोट मैदानात भोवऱ्यासारखी फिरू लागली. मास्तरांचा पाय तळाच्या रबरावर ब्रेक शोधत होता. शाळेच्या कठड्यावर अख्खं गाव जमलं.

"डावीकडे, काका, डावीकडे! किती वेळा सांगायचं?" साचलेलं जागरण हवालदाराच्या आवाजात उतरलं.

मास्तरांनी दांडा सोडला. डोळ्यांत पाणी उभं राहिलं. हवालदार एकदम ओशाळला, त्याने स्वतःचा रुमाल काढून दिला. कठड्यावरून औषधाच्या दुकानवाल्या बाई खाली आल्या, गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, पहिल्या दिवशी सगळ्यांचं असंच होतं. पुन्हा करून बघा."

चौथ्या फेरीला बोट सरळ गेली. गावाने टाळ्या वाजवल्या.

पाणी ओसरल्यावर पलटण निघाली. शाळेच्या फाटकातून त्यांचा ट्रक मागे घ्यायचा होता. मास्तर रस्त्यात उभे राहून "येऊ द्या, येऊ द्या" करू लागले. त्यांचं बघून दुकानवाल्या बाई पुढे झाल्या, मग शिक्षक, मग भाजीवाला. सगळेच मास्तरांचे विद्यार्थी, आणि प्रत्येकाचा हात वेगळ्या दिशेला. ड्रायव्हरने आरशात चौदा माणसं हातवारे करताना पाहिली आणि सरळ इंजिन बंद केलं.

अर्ध्या तासाने ट्रक बाहेर पडला. फाटकाचा एक खांब तेवढा गेला.