पाटाकाठची बैठक

नुसतं बसून राहण्याचं काम आमच्या मामांइतक्या कष्टानं करणारा दुसरा माणूस मी नगर जिल्ह्यात पाहिलेला नाही. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. तालुक्याच्या कचेरीतली अव्वल कारकुनी संपवून ते देवळाली प्रवऱ्याच्या बाहेर, कालव्याच्या पाटाजवळ दोन खोल्या बांधून राहिले होते. रोज उजाडता उजाडता ते कचेरीतला काळा कोट चढवत, टोपी नीट बसवत, काखेत घोंगडी मारत आणि पाटाच्या कडेला जाऊन डोळे मिटून बसत. शेतात बसायला कोट कशाला, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "जावईबापू, कामावर जाताना माणसानं नीट कपडे करावेत."

हे काम म्हणजे ऐकणं, हुंगणं, हाताला लागेल ते चाचपून पाहणं. मामांचा सिद्धांत असा, की देवानं माणसाच्या हाताखाली डोळा, कान, नाक, जीभ आणि कातडी असे पाच कारकून दिलेत. पण साहेब, म्हणजे डोकं, कुणावर विश्वास न ठेवता सगळं काम स्वतःच ओढत बसतो आणि मग आजारी पडतो. तेव्हा साहेबाला थोडा वेळ रजा द्यावी आणि कारकुनांना राबवावं. स्वतः मामा तर त्यांना दिवसभर राबवत. भाताचा पहिला घास ते इतका वेळ तोंडात घोळवत, की वाढणारी माणसं दुसऱ्यांदा जेवून उठत. पायात बाभळीचा काटा मोडला तर तो कुठे, किती आणि कसा दुखतो याची आधी शांतपणे चौकशी करत, मग काढत. बाजारात वांगं घेताना ते कानाशी धरून दाबत. भाजीवाली एकदा म्हणाली, "मामा, काय म्हनतंय ते वांगं?" मामा म्हणाले, "काही म्हणत नाही. जून दिसतंय. दुसरं दे."

माझं आणि त्यांचं एरवी जमण्यासारखं नव्हतं. मी आकड्यांतला माणूस. दुसऱ्या महायुद्धाच्या त्या वर्षांत नगरला रेशनच्या कचेरीत होतो. घरटी माणसं किती, धान्य किती, साखर किती, रॉकेल किती, याची जुळवाजुळव करता करता ते आकडे माझ्याबरोबर घरी यायला लागले. जेवताना मी पोळ्यांचे भाग पाडू लागलो. झोप उडाली. ते सगळं चाललं असतं, पण उजवा हात थरथरू लागला. तीन लिहिला तर तो आठसारखा दिसे, आणि रेशनच्या कचेरीत तिनाचा आठ होणं म्हणजे काय, ते सांगायला नको. साहेब भला माणूस, पण त्यानं स्पष्ट सांगितलं, "रजा घ्या. हात स्थिर झाला तर या. नाही झाला, तर मला दुसरा माणूस घ्यावा लागेल." घरात मी एकटा मिळवता. डॉक्टरांच्या बाटल्या झाल्या, हिचे उपास झाले, शेवटी हिनं मला राहुरी स्टेशनावर उतरवून टांग्यात घातलं आणि मामांच्या स्वाधीन केलं.

मामांनी माझा हात पाहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्याही अंगात काळा कोट, डोक्यावर टोपी आणि बुडाखाली घोंगडी होती. "पाखरं ऐका," ते म्हणाले. मी ऐकू लागलो. थोड्या वेळानं त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "मोजताय का?"

"नाही, मामा."

"मग ओठ का हलताहेत?"

डोळे मिटलेल्या माणसाला माझे ओठ कसे दिसले हे मला आजही कळलेलं नाही. मी म्हटलं, "साळुंक्याच जास्त आहेत, एवढंच पाहत होतो."

"त्यांना रेशनकार्ड द्यायचंय का आपल्याला? नुसतं ऐका."

असे पुष्कळ दिवस गेले. ओल्या मातीचा वास, गुऱ्हाळाचा धूर, कडुनिंबाची खडबडीत साल, तोंडात कडू फुलं. मला थोडी झोप लागू लागली, पण हात तसाच होता. रजा संपत आली होती आणि मी डोळे मिटून साहेबापुढे काय बोलावं याचीच जुळवाजुळव करत बसे.

मग एक सकाळ अशी आली. नेहमीच्या जागेवर ऊन लवकर येतं म्हणून मामांनी बैठक जरा वर, पाटातून शेतांकडे चारी फुटते तिथल्या पाणी सोडायच्या दाराशी हलवली. त्या दारातून वरच्या अंगाचा एक बागाईतदार आपली पाळी नसताना उसाला पाणी घेत होता, हे आम्हाला काय ठाऊक? त्यानं येऊन पाहिलं, तर काळ्या कोटातली दोन माणसं दारासमोर घोंगड्यांवर बसलेली, कुणी काही बोलत नाही.

"रामराम, सायेब," तो म्हणाला.

मामांनी नुसता हात वर करून गप्प राहण्याची खूण केली.

"सायेब, चुकी झाली. पोरानं रातीच दार उचाललं. मला ठावं न्हवतं."

मामा गप्प.

"बरं, पोरानं न्हाई, म्याच उचाललं. पर येकच बोट."

मामा गप्प.

"चार बोटं," असं म्हणून त्या माणसानं उचललेलं दार खाली टाकलं आणि तो पळत गेला. परत आला तो उसाच्या रसाची चरवी घेऊन. मामांनी डोळे उघडले, चरवी हातात घेतली आणि मला म्हणाले, "आधी जिभेवर थांबवा. यात आलं घातलंय." एवढ्यात पाटाच्या खालच्या टोकाचा एक म्हातारा धापा टाकत आला. कितीक दिवसांनी त्याच्या शेतात पाणी पोचलं होतं. तो मामांच्या पाया पडला. "तुमी रोज हितंच बसत जावा, बाबा. तुमी बसला की पानी येतंय."

मी हसलो. इतका हसलो, की रस कोटावर सांडला. कित्येक महिन्यांत हसलो नव्हतो. दुपारी कुणाला न सांगता दौत-टाक घेऊन बसलो. तीन लिहिला. तिनासारखाच दिसला. पुन्हा लिहिला, पुन्हा तीन.

संध्याकाळी मी मामांना सांगितलं, उद्याच्या गाडीनं निघतो. ते अंगणात माझी घोंगडी झटकत होते. "चांगलं झालं," ते म्हणाले आणि ती स्वच्छ घोंगडी झटकतच राहिले. मग मी विचारलं, हे बसणं तुम्ही कुणाकडून शिकलात?

"कुणाकडून नाही. मामी गेली, मग घरात बसवेना. म्हणून बाहेर बसू लागलो. सिद्धांत नंतर सुचला." मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "हात अगदी स्थिर झाला ना? थोडासुद्धा थरथरत नाही?"

मी आयुष्यात कधी चुकीचा आकडा दिलेला नाही. रजेचा हिशेबही मला तोंडपाठ होता; सोमवारी कचेरीत हजर व्हायचं होतं.

"थोडा थरथरतो, मामा," मी म्हटलं. "रविवारपर्यंत राहावं म्हणतो."

मामांनी घोंगडीची घडी घातली आणि ती आपल्या घोंगडीशेजारी, दाराजवळ ठेवली.