शेऱ्याचा रकाना

आमची आत्या फोनवर ‘हॅलो’ म्हणत नाही. ‘डबा कुठाय?’ म्हणते. एकदा सवयीने दातांच्या डॉक्टरांनाही तिने तेच विचारलं, तर ते बिचारे तिच्या कवळीचा डबा शोधायला लागले.

तिचा डबा म्हणजे मातीतला ओलावा मोजणारं यंत्र. शेतात रोवायचं, वरच्या बारीकशा काचेत आकडा दिसतो. आत्या नोकरी करते ती कंपनी छोटी, दोन खोल्यांची, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान. कंपनी शेतकऱ्यांना हे डबे देते आणि आकडे बघून पाणी कधी सोडायचं ते कळवते. दर सोमवारी आत्या नव्वद जणांना फोन लावून आकडे टिपून घ्यायची. पण आधी डबा कुठाय, ते विचारायची. कारण डबे फिरतात. कोणी नांगरताना उपटून बांधावर ठेवतो, कोणी त्याला बकरी बांधतो. हे सगळं ती शेऱ्याच्या रकान्यात लिहायची. दोन वर्षांपूर्वी मालकांनी तो रकानाच काढून टाकला. हे कोण वाचणार, म्हणाले. मालक आत्याच्या मुलाच्या वयाचे. चारचौघांत ती त्यांना साहेब म्हणते आणि राग आला की बाळा. दुसऱ्या दिवशी ती घरून एक वही घेऊन गेली आणि शेरे तिच्यात लिहायला लागली.

मग शेतकऱ्यांच्या संघाने नवीन टूम काढली. सगळ्या कंपन्यांच्या डब्यांचे आकडे एकाच सामाईक ठिकाणी जमा होणार, आकड्यांचा धनी शेतकरी, आणि तो परवानगी देईल त्या कंपनीने ते बघावेत. डब्यांना एक चकती बसवली की आकडे आपोआप पोचणार, फोनाफोनी बंद. मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. एवढ्या वर्षांचे आकडे आमच्याशिवाय कोणाकडे नाहीत, हे सांगून सांगून तर त्यांनी कंपनी उभी केली होती. आता ते सगळ्यांकडे असणार.

आत्याला त्यांनी स्वतःच सांगितलं, चहा पुढ्यात ठेवून, कपाकडे बघत. महिनाअखेरपर्यंत या, नंतर डबे आपले आपण बोलतील. आत्या म्हणाली, बोलू देत, माझा घसा तरी वाचेल. पण संध्याकाळी ऑफिसच्या खुर्चीसाठी शिवलेली उशी मांडीवर घेऊन बसने घरी आली. ती उशी तिने आधी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर ठेवून बघितली, मग खिडकीत, मग कपाटावर. कुठेच बसेना. जेवताना आतोबांनी दोनदा विचारलं, बरं आहे ना.

“नव्वद घरं मला ओळखतात,” ती म्हणाली. “आता त्यांना फोन करायला कारणच उरलं नाही.”

आतोबांनी तिच्या ताटात वाढलं. दुसरं काय करणार.

या सामाईक आकड्यांच्या चाचणीच्या दिवशी संघाच्या सभागृहात मोठ्या पडद्यावर नकाशा लावला होता. आत्या मागच्या रांगेत, वही पिशवीत. पडद्यावर एक टोमॅटोचं शेत आलं. त्यात दोन डबे. आत्याच्या कंपनीचा म्हणत होता चिखल, दुसऱ्या एका मोठ्या कंपनीचा म्हणत होता ठणठणीत कोरडं. मोठ्या कंपनीचा इंजिनियर गालात हसला. छोट्यांच्या यंत्रांचं असंच असतं, म्हणाला. मालकांचे कान लाल झाले. संघाच्या सचिवबाईंनी विचारलं, मग विश्वास कोणावर ठेवायचा?

“दोन्ही आकडे खरे आहेत,” मागून आत्या म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. आत्याने अंगठा ओला करून पानं उलटली.

“आमचा डबा टोमॅटोवाल्या वहिनींनी टाकीच्या नळाखाली रोवलाय. हंडा भरता भरता आकडा वाचता येतो म्हणून.”

सभागृह हसलं. सर्वांत जास्त इंजिनियर हसला.

“आणि दादा, वहिनीच म्हणाल्या, तुमचा डबा पत्र्याच्या शेडवर आहे. रेंज तिथेच येते. आता छपराला पाणी कोण घालणार?”

इंजिनियरचं हसू तोंडातच राहिलं. सचिवबाई उठून थेट मागे आल्या आणि वही हातात घेऊन वाचत उभ्याच राहिल्या. हा रकाना सामाईक ठिकाणी हवाच, म्हणाल्या. जिन्यात इंजिनियरने हळूच आत्याचा नंबर मागितला. ते मालकांनी बघितलं.

बसस्टॉपवर ते धापा टाकत आले.

“ताई, महिना संपला तरी येत राहाल ना?”

“डबे आपले आपण बोलणार होते ना?”

“ते आकड्यांचं झालं.” मालक अडखळले. “पण शेरेही सगळ्यांना देऊन टाकले, तर आपल्याकडे उरलं काय?”

“बाळा, शेरा गेल्या सोमवारचा असतो. डबा मंगळवारी हलतो. परत विचारायला कोणीतरी लागतंच की.”

मालक बोटांवर हिशेब मांडायला लागले, किती डबे, किती फोन. बस आली, गेली. आत्या दुसऱ्या बसने घरी आली.

आता आत्याची कंपनी आकड्यांच्या जोरावर गिऱ्हाईक धरून ठेवत नाही. डबा कोणाचाही असो, तो जागेवर आहे का, याची खात्री करून देते. पहिलं गिऱ्हाईक ती मोठी कंपनीच. खाली सायकलवाल्याने नाक मुरडलं, दिवसभर वरून एकच प्रश्न ऐकू येतो म्हणून.

चाचणीनंतरच्या पहिल्याच सोमवारी आत्या उशी काखेत मारूनच बसमध्ये चढली. खुर्चीवर उशी थापटली, बसली आणि पहिला फोन लावला.

“वहिनी, डबा कुठाय?”

“नळाखालीच आहे की,” वहिनी म्हणाल्या. “पण आता सगळे बघतात म्हणे, म्हणून घासूनपुसून ठेवलाय.”

आत्याने शेऱ्यात लिहिलं: जागा चुकीची, डबा चकचकीत.